गूगलवर वहिनीचं आगळ
आजची सुट्टी फोंड्याला वहिनीच्या वेबसाइटपायी गेली. तिथे ती विकते कोकम आगळ (कोकमाचा घट्ट रस), फणसाची साटं, तोरांचं म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं. माल एक नंबर, पण गूगलवर शोधलं तर दुकान सापडेना. साइट उघडली आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक पानाचं टायटल, म्हणजे गूगलला दिसणारं पानाचं नाव, 'होम'! आगळाचंही होम, लोणच्याचंही होम. गूगलने बिचाऱ्याने काय समजायचं? वर साइट बनवणाऱ्याने मेटा कीवर्डमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या लपलेल्या शब्दयादीत, 'गोवा, बीच, काजू, फेणी' अशी माळ ओवलेली. कोणतं पान वर दाखवायचं हे ठरवताना हा टॅग बघत नाही, असं गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय.

मग टायटलं लिहायला घेतली: 'घरगुती कोकम आगळ, फोंडा, गोवा'. पानावर नुसती किंमत होती. वहिनीला म्हटलं, गिऱ्हाइकं फोनवर काय विचारतात ते सांग. "मीठ घातलंय का, सोलकढीला किती चमचे, फ्रीजमध्ये ठेवायचं का..." ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. असा मजकूर पैसे देऊनही मिळत नाही. फोटो थेट मोबाइलवरून चढवलेले, एकेक पाच-सहा एमबीचा! पान लवकर उघडावं म्हणून ते छोटे केले. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवरचा (दुकानाच्या माहितीचं पान) जुना फोन नंबर बदलला, सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, दिला.

मध्येच कुणाचा तरी फोन, 'गूगलवर महिन्यात पहिला नंबर, गॅरंटी!' अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगल सांगतं.

"मग उद्या दिसेल ना, भाऊजी?"

उद्या नाही गो. आठवडे जातील, कदाचित महिनेही. तोवर ज्यांनी तिचं आगळ खरंच नेलंय, त्यांनी रिव्ह्यू टाका. न नेलेल्यांनी कृपया नको.