माकड आणि सदाफुली

रविवार, रात्रीचे साडेअकरा

लेकीला शाळेतून प्रोजेक्ट दिलंय, नष्ट होत चाललेला एक प्राणी आणि सगळीकडे दिसणारं एक फुलझाड, दोघांची तुलना, चार्टपेपरवर, उद्या द्यायचंय, आणि बाईसाहेबांना हे आठवलं कधी तर आज जेवताना. झाड लगेच ठरलं, गॅलरीतली सदाफुली. प्राणी म्हणून तिला येऊरची माकडं हवी होती, म्हटलं अगं ती कसली संपतायत, परवाच आपली केळ्यांची फणी पळवली त्यांनी. मग सिंहपुच्छ माकड घेतलं. काळंभोर, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला गोंडा. सह्याद्रीतलंच, पण आपल्याकडे नाही, कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या जंगलात, तेही ४,००० च्या आतच उरलेत.

रकाने आखले आणि 'मूळ ठिकाण'लाच अडलं. सदाफुली इथली नाहीच, मादागास्करची! कळव्याच्या चाळीत पत्र्याच्या डब्यात लहानपणापासून बघतेय मी तिला, घरातलीच वाटायची. आमच्याकडे तर कोणी लावलीच नाही, पाइपाशेजारच्या फटीत आपली आपण उगवली, पाणी विसरलं तरी बारा महिने फुलते, आणि कडू विषारी म्हणून गुरं तोंड लावत नाहीत. (सासूबाई मात्र शुगरसाठी रोज दोन पानं चावायच्या, डॉक्टर ओरडले तेव्हा थांबल्या. त्याच पानांतून व्हिन्क्रिस्टिन काढतात, लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर देतात ते.)

आणि हे माकड इथलंच असून त्याचे हाल. जवळजवळ सगळं आयुष्य झाडावर, मध्ये रस्ता नाहीतर चहाचा मळा आला की टोळी अडकली. तमिळनाडूत वालपराईला रस्त्यावरून या झाडापासून त्या झाडापर्यंत पूल टांगलेत त्यांच्यासाठी. ते वाचताना मला घोडबंदर रोड क्रॉस करायला ताटकळलेली मीच दिसले, आम्हाला कोण टांगतंय पूल. केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलातलं धरण रद्द व्हायच्या लढ्यातही हेच माकड पुढे होतं, १९८४ला तिथे नॅशनल पार्क जाहीर झालं. आणि पिल्लू एका वेळी एकच, तेही दोन-तीन वर्षांनी. लेक म्हणाली, आई सदाफुलीच्या बियांचा आकडा काय लिहू, म्हटलं 'पुष्कळ' लिही.

शेपटीपर्यंत येता येता काळा स्केचपेन संपला. दुकानं बंद. शेवटी गोंडा माझ्या काजळ पेन्सिलने रंगवलाय. गुलाबी अजून अख्खा शिल्लक आहे.