कानबाईच्या मिरवणुकीतली काळी एक

मी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. लग्नसराई सरली की आमचं लक्ष श्रावणाकडे. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई ही देवी बसते आणि सोमवारी विसर्जन. त्या सोमवारी अमळनेरात एका भावकीची सुपारी होती.

बोरी नदीकडे निघालो. टेम्पोवरचे स्पीकर पूर्ण आवाजात, पोरांच्या फर्माईशी एकामागून एक. पोरं नाचत होती, पण कानबाई डोक्यावर घेतलेली बाई आणि तिच्यामागच्या साऱ्या म्हाताऱ्या मुकाट चालत होत्या. पाचेक वर्षांच्या एका नातवानं दोन्ही कान दाबून आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं होतं. वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. आम्ही ती कधी पाळलीच नाही, हे त्या पोराकडे बघून फार बोचलं.

आजी जवळ आली. "भाऊ, कानबाईनं गानं वाजाड ना."

मी स्पीकर बंद करायला लावले. एरवी आम्ही आमच्या पट्टीत वाजवतो, गाणाऱ्यानं जुळवून घ्यायचं. म्हटलं, "आजी, तुम्हीच उचला." तिनं सूर लावला, तो निघाला काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा. क्लॅरोनेटची पत्ती ओठांत भिजवून मी तिच्यामागं गेलो. सगळी चाल सा ते पंचम, एवढ्यातच फिरणारी. आजीनं एक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तीच परत म्हणायची. कुणाला गळा ताणावा लागत नाही की आधी पाठ असावं लागत नाही. ढोलवाल्याला केरव्याचा ठेका धरायला सांगितला, ठाय म्हणजे संथ लयीत, चालत्या पावलाला साजेसा.

तिसऱ्या फेरीला नातवाचे हात कानांवरून निघाले. आजीच्या हातातल्या ताटावर तो बोटांनी ठेका धरू लागला, मग ओळ उचलू लागला. शब्द चुकत होते, सूर नाही. चौकात बायकांनी फुगड्या धरल्या. मघाची नाचणारी पोरंही मागची ओळ धरू लागली! लहानांची गाणी वेगळी आणि मोठ्यांची वेगळी असं आपण कशाला करून ठेवलंय, मला खरंच कळत नाही. आमच्या आयाबायांनी ती कधीच वेगळी केली नव्हती.

विसर्जन झालं. पत्ती पुसून डबीत ठेवत होतो, तर तो पोरगा समोर उभा.

"काका, आते मी म्हनस, तुम्ही मांगून वाजाडा."

त्यानं लावलेला सूर काळी एकच्या बराच वर होता. मी पत्ती परत चढवली.