सकाळी परसदारी, संध्याकाळी पडवीत

संगमेश्वर रोड स्टेशनला उतरून देवरुखला आलं, आणि तिथून सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकत जाणाऱ्या एखाद्या वाडीत मुक्काम ठोकला, की पाहुण्यांची पहिली घाई असते ती जंगल गाठायची. फेब्रुवारी-मार्चात तरी ती करू नये. चिऱ्याचं घर, मागे परसू, पुढे नारळी-पोफळीचं आगर आणि पलीकडे देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, असं ठिकाण मिळालं असेल, तर फिरण्यापेक्षा बसण्यात जास्त दिसतं. फक्त कुठे आणि कधी बसायचं ते कळलं पाहिजे.

आमच्या मुक्कामाच्या घराची पडवी पूर्वेला होती. सकाळी तिथून समोरचं झाड म्हणजे नुसती काळी आकृती. पक्षी दिसतो, रंग दिसत नाही. म्हणून सकाळी खुर्ची परसदारी न्यायची, ऊन पाठीवर घ्यायचं आणि तोंड पश्चिमेला करायचं. दुपारी चारनंतर तीच खुर्ची पुढच्या पडवीत. कॅमेऱ्याच्या लेन्सवर हजारो रुपये घालणारे लोक ही फुकटची गोष्ट विसरतात, याचं नवल वाटतं.

या दिवसांत पहाटे दरीत धुकं भरतं आणि ऊन तापेपर्यंत हलत नाही. तेवढा वेळ दुर्बिणीने लांबचं काही शोधू नये, कानांवर भिस्त ठेवावी. पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूने शीळकरी कस्तूर गातो. माणूस वाट विसरून शीळ घालत बसल्यासारखा. तांबट एकाच ठेक्यात ठोकत असतो. मग घशातल्या घशात हसल्यासारखा आवाज आला, तर तो मलबारी राखी धनेश.

धुकं विरलं की नजर सावरीवर. या मोसमात तिला पान नसतं, नुसती लाल, मांसल, वाटीसारखी फुलं. त्या वाटीतल्या मधासाठी मैना, कोतवाल, बुलबुल, पर्णपक्षी, सूर्यपक्षी सगळे येतात. पान नसल्यामुळे पक्षी लपत नाही. नवख्या माणसाने पक्षी ओळखायला शिकावं ते सावरीवर किंवा पांगाऱ्यावरच. एखाद्या बुलबुलाचं कपाळ पिवळं दिसलं, तर नवी जात सापडली असं समजू नये, ते पराग असतात. झाडाखाली पडलेली फुलं खायला पहाटे भेकर येतं. म्हणून तिथला पालापाचोळा झाडून काढू नका असं घरच्यांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावं.

धनेश पाहायचा तर काजरा, वड आणि उंबर कुठे आहेत ते वाडीतल्या कुणालाही विचारावं. काजऱ्याची बी जहरी, पण पिकल्या फळाचा गर मलबारी कवड्या धनेश खातो. (मुलं बरोबर असतील तर त्या नारिंगी फळांना हात लावू देऊ नका.) गावात त्याला कुणी ककणेर म्हणतं, कुणी सरसकट गरुड. नर-मादी ओळखायला डोळ्याभोवतीची कातडी बघायची: मादीची पांढरट, नराची गडद. मादी ढोलीत बसून तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर घशात साठवलेली फळं एकेक करून वर काढत तिला भरवतो. एकटा नर एकाच दिशेला पुन्हा पुन्हा जाताना दिसला, तर तिकडे ढोली आहे असं समजावं आणि तिकडे जाऊ नये. आपण जवळ असलो की तो शेजारच्या फांदीवर ताटकळतो, भरवत नाही. ढोलीजवळ जाऊन काढलेल्या फोटोंचं कौतुक करणंही मी सोडलं आहे.

शेकरू, ही झाडावरची मोठी खार, देवरहाटीच्या कडेला दिसतं. बेहडा, सातवीण अशी जुनी झाडं एकमेकांना टेकलेली असली तरच ते टिकतं, कारण जमिनीवर ते क्वचितच उतरतं. काटक्या-पानांचं गोल घरटं बारीक फांद्यांच्या टोकाला असतं, जड शिकाऱ्याला पोचता येऊ नये म्हणून. शेकरू बराच वेळ खडखडत राहिलं, तर त्याच्याकडे न बघता ते जिकडे बघतंय तिकडे बघावं. देवरहाटीत शिरण्याआधी मात्र गावकऱ्यांना विचारायचं. काही ठिकाणी चपला बाहेर काढाव्या लागतात.

अकरा ते चार पक्षी गप्प. तेव्हा पाण्याचं भांडं मांडावं. मातीची पसरट परात, पाणी दोन इंचांच्या आत, मध्ये एक खडबडीत दगड. खोल बादलीत खारीची पिल्लं बुडतात. झुडपापासून सहा-सात फुटांवर ठेवायचं. अगदी लगत ठेवलं तर मांजर दबा धरतं, फार उघड्यावर ठेवलं तर पक्षी उतरत नाही. पाणी दर दोन दिवसांनी ओतून परात काथ्याने घासायची, नाहीतर आठवड्याभरात आपणच डास पाळलेले असतात. परात गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणावर, ठेवण्याचा मोह टाळा. जांभ्याच्या फटींत फुरसं हा विषारी साप असतो, आणि रत्नागिरी जिल्ह्यात तो काही दुर्मीळ नाही. गडग्यावर न बघता हात टेकू नये.

दुपारनंतर कुणी भाजावळ, म्हणजे शेतजमीन भाजायला पसरलेला पालापाचोळा, पेटवली, तर धुराला नावं ठेवत घरात जाऊ नका. आगीच्या कडेने उडणारे किडे टिपायला कोतवाल आणि वेडे राघू जमतात, आणि तेव्हा त्यांच्या गिरक्या अगदी जवळून दिसतात.

दुर्बीण आठ पटीची, 8×42, पुरे. दहा पटीची हातात थरथरते आणि दाट झाडीत पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या दिवसांत नर घरटं सोडून भांडायला येतो.

अंधार पडला की अंगणातला दिवा बंद. हल्ली मुक्कामाच्या घरांतून रात्रभर झगझगीत दिवे ठेवतात, मग जनावर दिसत नाही अशी तक्रार पाहुणेच करतात. सड्याकडून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, रातवा ऐकू येतो, फणसावर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, फिरतो. विजेरी कमरेशी धरली तर डोळे चमकत नाहीत. कानाशी, आपल्या नजरेच्या रेषेत धरावी लागते, कारण जनावराच्या डोळ्यांतून उजेड आला त्याच वाटेने परततो. अंगणातल्या गवतावरून तशी विजेरी फिरवली की निळसर-हिरवे ठिपके लुकलुकतात. ते कोळ्यांचे डोळे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला दंव वाटतं, पण विजेरी कानापासून हातभर लांब नेली तरी दंव चमकत राहतं, कोळी विझतो.