शेजारच्या खुर्चीवरची मैत्री

३० डिसेंबर, रात्री

पाय ठणकताहेत, घसा बसलाय, पण आजचं लिहिल्याशिवाय झोपायचं नाही.

आज कोमिके झालं, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या अंकांचा मोठा मेळावा. तोक्यो बिग साइटमध्ये दिवसभर आमच्या मांगा सर्कलच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सवेड्या विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या, टेबलामागे बसले होते. टेबल तरी कसलं, अर्धंच: नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद. उरलेलं अर्धं शेजारच्या सर्कलचं. छापखाना अंकांची खोकी परस्पर हॉलमध्येच पाठवतो, त्यामुळे सकाळी पोचलो तेव्हा ती टेबलाखाली येऊन पडलेली होती. सेन्पाईने, म्हणजे सर्कलमधल्या माझ्या वरच्या वर्गातल्या मैत्रिणीने, पहिलं खोकं उघडलं आणि आम्ही सगळ्यांनी आधी शाईचा वास घेतला. मग जो तो आपापलं पान शोधायला लागला. माझा लेख मध्यावर आहे. जपानीतला माझा पहिला छापील मजकूर!

दाराशी रांगा, डोक्यावर टोप्या घातलेले स्वयंसेवक, आणि सुरू झाल्याची घोषणा झाली तशी हॉलभर वाजलेली टाळी. एवढी गर्दी सांभाळणारी ही मुलं बिनपगारी राबतात, अगदी आपल्या गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांसारखी. इथे ग्राहक असा कोणी नसतोच, येणारा प्रत्येकजण सहभागी, असं आयोजकांनी पहिल्यापासून धरून ठेवलंय. ते नुसतं बोलण्यापुरतं नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी आल्या आल्या वाकून नमस्कार केला आणि आपला नवा अंक आमच्या हातात ठेवला. आम्ही आमचा दिला. दिवसभर एकमेकींचे सुटे पैसेही सांभाळले. पाचशे येनच्या अंकाला हजाराची नोट देणारे फार.

हे सगळं विद्यार्थ्यांनीच उभं केलंय, हे मला पुन्हा पुन्हा आठवत होतं. १९७५ साली एका मांगा संमेलनाने आपल्यावर टीका करणाऱ्या एका चाहत्याला प्रवेश नाकारला. ते न पटलेल्या काही तरुणांनी वेगळा मेळावा भरवायचं ठरवलं. त्यातले योनेझावा योशिहिरो तेव्हा मेइजी विद्यापीठात शिकत होते, वय बावीस. २१ डिसेंबरला तोक्योच्या तोरानोमोन भागातल्या एका सभागृहात ३२ सर्कल आणि सुमारे ७०० माणसं जमली, त्यात शाळकरी मुलीच जास्त. योनेझावा २००६ मध्ये गेले. मेइजी विद्यापीठाजवळ त्यांच्या संग्रहाचं ग्रंथालय आहे. तिथे जुने दोजिन्शी, म्हणजे असे चाहत्यांनी स्वतः छापलेले अंक, बघायला मिळतात. कोणा अनोळखी मुलींनी कधीकाळी अशाच रात्री जागून काढलेली ती पानं चाळताना माझा कंठ दाटून येतो. ओसाकात १९८१ साली विज्ञानकथा संमेलनासाठी आठ मिलिमीटरच्या फिल्मवर छोटा अॅनिमेशनपट करणारे आन्नो, यामागा आणि आकाईही कला विद्यापीठातले विद्यार्थीच होते. त्यांच्या मंडळींनी पुढे कंपनी काढली, नाव झालं. आमच्यातलं बहुधा कोणी तिकडे जाणार नाही. सेन्पाई एप्रिलपासून एका विमा कंपनीत रुजू होतेय.

दुपारी आईचा फोन आला. तिच्याकडे सकाळ, चहाची वेळ. सेन्पाईबद्दल विचारत होती. "त्या मुलीच्या घरी कोण कोण असतं गं? वडील काय करतात?" मला काहीच सांगता आलं नाही. सांगलीत मैत्रीण झाली की आठवड्यात तिच्या घरी जेवायला जायचं, तिच्या आजीच्या पाया पडायचं, तिच्या भावाचं कॉलेज कुठलं ते आपल्या आईला ठाऊक असायचं. इथे सेन्पाईला मी आडनावाने ओळखते. तिचं घर पाहिलेलं नाही. एप्रिलमध्ये नव्या मुलांची भरती चालू होती, तेव्हा तिने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुझी ओशी कोण?" म्हणजे तुझं लाडकं पात्र कोणतं, जीव कोणावर?

मी नाव सांगितलं आणि आमचं वाजलं. माझ्या लाडक्या पात्राला देशोधडीला लावणारा खलनायक नेमका तिचा लाडका! त्याला शेवटी माफी मिळायला हवी होती की नाही, यावर आम्ही सर्कलच्या खोलीत अख्खं वर्ष भांडतोय. टेबलावर एक जाड वही कायम पडलेली असते. येणारा जाणारा तिच्यात चित्रं काढतो, निरोप लिहितो. तिच्यातली कितीतरी पानं आमच्या भांडणाने भरलीत. मी वर्गात असताना ती लिहून जायची, ती नोकरीच्या मुलाखतींना काळा सूट घालून जायची तेव्हा मी उत्तर लिहायची. मी म्हणायचे, ज्याने कधी पश्चात्तापाचा शब्द काढला नाही त्याला माफी कसली? ती लिहायची, शब्द काढायची ताकद नसलेली माणसंही असतात, त्यांचं काय करायचं?

हे लिहिणाऱ्या मुलीला मी ओळखत नाही असं कोण म्हणेल? वडिलांची नोकरी मला माहीत नाही, पण ती कोणाला कधी एकटं सोडणार नाही हे माहीत आहे. नोव्हेंबरात मला ताप आला होता, तेव्हा तिने दारावर पेजेची पाकिटं अडकवून ठेवली आणि आत न येता निघून गेली. वर चिठ्ठी होती, त्यात तब्येतीबद्दल एक ओळ आणि उरलेला कागदभर त्या खलनायकाची बाजू. इतकं हसले मी तापात! घरच्या गोष्टी विचारायला ती संकोचते. एका कल्पित माणसाच्या निमित्ताने मात्र आम्ही एकमेकींना असं काही विचारलंय, जे शाळेपासूनच्या मैत्रिणींशीही कधी बोलले नव्हते. आईला हे फोनवर समजावता आलं नाही. घरी जाईन तेव्हा ती वही दाखवेन, निदान तिच्या पानांचे फोटो तरी.

चार वाजता संपल्याची घोषणा झाली आणि पुन्हा टाळ्या. थोडेच अंक उरले. खुर्च्या आवरताना सेन्पाई म्हणाली, ऑगस्टच्या कोमिकेचा अर्ज आता तू भर. जागा सोडतीने मिळते, मिळेलच असं नाही. मिळाली तर त्या अंकात मी त्या खलनायकावर दीर्घ लेख लिहिणार आहे, त्याच्या विरोधात, हे तिला तिथेच सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग मला चार पानं राखून ठेव. ऑफिसातून सुटल्यावर रात्री लिहीन, पण उत्तर देणारच."