मस्टरवर नावं कोणाची?

इंदूरला रामबागेत परदेशी मदतकार्याला जाणाऱ्या मराठी मुलामुलींचा आमचा वर्ग चालतो. परवाचा सराव पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या लोफा काउंटीवर होता. 2003 साली यादवी थांबली तेव्हा रस्ते उखडलेले आणि तरुणांच्या हाताला काम नाही. म्हणून मुलांच्या एका गटाने मजुरीवर करून घ्यायच्या कामाचा, 1 किलोमीटर रस्त्याकडेला पाण्यासाठी खणायच्या चरांचा, आराखडा मांडला.

चराचा छेद 0.3 चौरस मीटर, दोन्ही बाजू मिळून 600 घनमीटर खोदाई. माणशी रोज 5 घनमीटर धरून त्यांनी 120 मनुष्यदिवस काढले होते. मऊ मातीत ते जमतं. जांभ्याच्या घट्ट जमिनीत 3 धरावे लागतात, म्हणजे 200 मनुष्यदिवस. 25 जणांच्या टोळीला 8 दिवस. इथे चूक झाली की मजुरीची तरतूद अपुरी पडते, दुपारी आटोपणारं उक्तं काम संध्याकाळपर्यंत लांबतं आणि मापावरून भांडणं लागतात. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेल्या माणसांत अशी भांडणं परवडत नाहीत.

“सर, मजुरी बाजारापेक्षा चढी ठेवलीय, म्हणजे पोरं पटकन येतील,” एक जण म्हणाला.

धारकडच्या शेतकरी घरातल्या एका ताईंनी त्याला तिथेच अडवलं. “अरे, पावसाच्या तोंडावर भाताची पेरणी. सगळे चर खणायला गेले तर पेरणार कोण?”

अगदी बरोबर. म्हणून मजुरी शेतमजुरीपेक्षा किंचित कमी ठेवतात, म्हणजे दुसरं काहीच नाही तोच येतो. मात्र कायद्याच्या किमान वेतनाखाली जाऊ नये. दोन्ही सांभाळता येत नसेल, तर काम पेरणी-कापणीच्या दिवसांतून हलवावं. मला हाच मार्ग जास्त पटतो.

खरी चर्चा रंगली मजुरांच्या यादीवर. गटाने सगळी नावं माजी लढवय्यांची घेतली होती. लायबेरियात लढवय्यांकडून शस्त्रं जमा करून घेताना 150 काडतुसं दिली तरी माजी लढवय्या म्हणून नाव लागायचं; लाखावर लोक नोंदले गेले, शस्त्रं आली सुमारे 28 हजार. नोंद झालेल्यांत लढणाऱ्यांबरोबर राहिलेल्या बायका-मुलंही होती, आणि त्यांना घेणं योग्यच होतं. पण ज्यांनी बंदूक कधी धरलीच नाही, घर मात्र गमावलं, त्यांनी काय करायचं? गावातला असंतोष इथूनच सुरू होतो. शेवटी यादीतल्या निम्म्या जागा परतलेल्या विस्थापितांना आणि गावकऱ्यांना द्यायचं ठरलं.

जुन्या कमांडरला मुकादम करण्याचा प्रस्तावही होता. टोळी त्याचं ऐकते हे खरं, पण मजुरीतून वाटा कापायचीही त्यालाच सोय होते. त्याला टोळीत घ्यावं, हजेरी मात्र दुसऱ्याकडे द्यावी. पैसे दर पंधरवड्याला ज्याच्या त्याच्या हातात पडावेत, आणि चर मोजताना टेपचं दुसरं टोक मजुरांपैकीच कुणीतरी धरावं.