बॅटरी नवी, तरी गाडी मुकी

नागपूरच्या कळमना बाजारात संत्री उतरवली आणि आपल्या जुन्या पिकअपचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, नुसता 'टक' करून गप्प. "बॅटरी गेली भाऊ," सांगणारे लगेच जमले. बॅटरी नवीकोरी! शेवटी धक्का मारून नागपूरलगतच्या वाडीला नेली.

तिथल्या इलेक्ट्रिशियन काकांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी थेट इंजिनावर, आणि म्हणाले, "मार सेल्फ." मीटरवर दीड व्होल्टच्या वर! म्हणजे तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेतच वाया; इथं अर्धा व्होल्टही जास्तच म्हणायचा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्याला चेसिसशी जोडणारी अर्थिंगची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, तांब्याची विणलेली पट्टी हिरवी पडून अर्धी तुटलेली. मग सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेनं परत जाते. अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम का लागायची, ते तेव्हा समजलं.

काकांनी बोल्टाखालचा रंग खरवडून लोखंड चकाकेपर्यंत पॉलिश पेपर मारला, नवी पट्टी आवळली, वरून ग्रीस. सेल्फ पहिल्याच झटक्यात. रंगावरच अर्थिंगचा बोल्ट आवळणारे मिस्त्री मला कळतच नाहीत बाप्पा.

आता मागचे लाइट. ब्रेक दाबला की इंडिकेटरपण मिणमिणून राहिला. तिथलंही अर्थिंगच असणार.