स्वित्झर्लंडचा प्लग आणि आईचा बंद पडलेला फोन

सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन पॅरिस आणि मग स्वित्झर्लंड करून आले. ट्रिपचं सविस्तर लिहीनच, पण आल्यापासून सगळ्या मैत्रिणी एकच विचारतायत की आई-बाबांचे फोन तिकडे चालवलेस कसे, म्हणून आधी तेच.

व्होल्टेजचं टेन्शन अजिबात घेऊ नका, तिथेही आपल्यासारखंच २३० व्होल्ट आहे. घोळ होतो तो सॉकेटच्या आकाराचा. पॅरिसला बाबांचा दोन पिनांचा छोटा चार्जर सरळ बसला, त्यामुळे मी निर्धास्त होते, आणि स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या हॉटेलात रात्री दहाला बघते तर सॉकेट सहा कोनी खोबणीत आत गेलेलं, भोकं तीन, त्यातलं मधलं जरा बाजूला सरकलेलं. पिना बारीक असून चार्जरचं अंग जाड, ते खोबणीच्या काठावरच अडतं. माझा युनिव्हर्सल अडॅप्टर म्हणजे चौकोनी ठोकळा, तोही तसाच. शेवटी रिसेप्शनवरून स्विस अडॅप्टर मिळाला आणि त्याच्यावर तीन पोर्टवाला चार्जर लावून तिघांचे फोन रात्रभर चार्ज केले. तर जाताना खास स्विस अडॅप्टर घ्याच, भले एकच घ्या.

दुसरं डेटाचं. मी "युरोप"चा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) पॅक घेतला होता, पॅरिसहून ट्रेन स्वित्झर्लंडमधल्या बासेलला पोचली आणि नेट गायब! स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे बऱ्याच युरोप पॅकमध्ये ते धरलेलंच नसतं. पॅक घेताना देशांची यादी उघडून वाचा. इकडचं सिम ओटीपीसाठी चालू ठेवा पण त्याचं डेटा रोमिंग बंद करा, आणि व्हॉट्सॲपने नंबर बदलायचाय का विचारलं तर नाही म्हणा, म्हणजे जुन्याच नंबरवर सगळं चालू राहतं. हे सगळं आई-बाबांच्या फोनवर घरीच करून द्या, एअरपोर्टवर नको, तिथे ते आधीच गडबडलेले असतात.

आता युंगफ्राउयोखचं, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्फाळ डोंगरावरच्या त्या ठिकाणचं. ३४५४ मीटर उंची, बाहेर बर्फ, वारा, आणि आई मावशीला व्हिडिओ कॉल लावून कौतुकाने सगळं दाखवत होती. बॅटरी ३४ टक्के दिसत होती आणि फोन पटकन बंद! आईचा चेहराच उतरला, म्हणाली, "अगं, आता चुकामूक झाली तर मी तुम्हाला शोधू कशी?" मला एकदम कसंतरी झालं, कारण हॉटेलचा पत्ता, आमचे नंबर, सगळं त्या फोनमध्येच होतं. तिथेच कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवलं, हे खरं तर निघतानाच करायला हवं होतं.

फोन बिघडलेला नव्हता. थंडीत लिथियम बॅटरीच्या आतली क्रिया मंदावते, व्होल्टेज पडतं आणि चार्ज शिल्लक असूनही फोन बंद होतो. आयफोन वापरायला तर कंपनीनेच ० ते ३५ अंश तापमान सांगितलंय. अशा वेळी लगेच पॉवर बँक लावू नका, गोठलेली बॅटरी चार्ज केली तर तिचं कायमचं नुकसान होऊ शकतं. आईने फोन स्वेटरच्या आत छातीशी धरला, आम्ही आत जाऊन गरम कॉफी घेतली, आणि पंधरा-वीस मिनिटांनी चालू केला तर २९ टक्के! तिने आधी मावशीलाच लावला, तर ती तिकडे रडकुंडीला आलेली, "अगं कड्यावरून पडलीस की काय वाटलं मला."